विनाकारण उदासी : मदत घेताना या चुका टाळा

नोकरी व्यवस्थित आहे, घरात भांडण नाही, फ्लॅटचे हप्ते वेळेवर जातात, मग मन कशातच का लागत नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात पुण्यातील अनेक जण महिनेच्या महिने घालवतात. सर्वांत मोठी चूक हीच. नैराश्यामागे सांगण्याजोगे कारण असावेच लागते असे नाही. बहुतेक वेळ मन उदास असणे किंवा कशातही रस न वाटणे आणि त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडणे, हे सलग दोन आठवडे टिकले, तर डॉक्टरांकडे जाण्यास तेवढे पुरेसे आहे.

दुसरी चूक फॅमिली डॉक्टरांसमोर होते. रुग्ण पाठदुखी, पित्त आणि थकवा सांगतो. पहाटे चारला जाग येते आणि नंतर डोळ्याला डोळा लागत नाही, हे मात्र सांगत नाही, आणि डॉक्टरही घाईत असले की विचारायचे राहून जाते. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घेणे योग्यच आहे, कारण यांतील बिघाडानेही मरगळ येते, आणि शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता नवी नाही. मात्र रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असा अर्थ काढू नये. उलट, तपासणीची पुढची पायरी मनाची आहे, एवढेच त्यातून कळते.

‘येरवड्याला पाठवा’ ही तिथल्या मनोरुग्णालयावरून होणारी आपल्याकडची जुनी थट्टा आजही माणसांना मानसोपचारतज्ज्ञाच्या दारातून मागे फिरवते. वास्तविक बहुतेक रुग्णांना दाखल करावे लागत नाही. खासगी फी परवडत नसल्यास ससून या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवता येते. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असून औषध लिहून देतात, तर मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात. अनेकांना दोन्ही लागतात.

औषधांबाबतच्या चुका अधिक महागात पडतात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, आणि मळमळ किंवा अस्वस्थता मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवू शकते. त्यामुळे नेमक्या याच काळात अनेक जण ‘सोसत नाही’ म्हणून गोळी सोडतात. या गोळ्यांचे व्यसन लागत नाही, पण त्या एकदम बंद केल्यास चक्कर, चिडचिड होऊ शकते. बरे वाटू लागल्यावरही त्या साधारण सहा महिने किंवा अधिक काळ चालू ठेवतात आणि नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. पूर्वी कधी अवाजवी उत्साहाचा, झोपेची गरजच न वाटण्याचा काळ येऊन गेला असेल, तर तो पहिल्याच भेटीत सांगावा. कारण तशा आजारात उपचार वेगळे असतात. मद्यपानही लपवू नये.

घरच्यांनी ‘जरा सिंहगडावर जाऊन ये, बरे वाटेल’ असे सांगण्यात वाईट काही नाही. व्यायामाने फायदा होतो, पण अंथरुणातून उठणेच जड झालेल्या माणसाला तो उपदेश टोचतो. त्यापेक्षा अपॉइंटमेंट घेऊन सोबत जावे.

जगणे नको वाटते, असे कोणी बोलले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नये आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. जिवाला तातडीचा धोका दिसत असल्यास ११२ला फोन करावा किंवा थेट जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा.