कमावत्या पण ओढग्रस्त कुटुंबांसाठी शिधा केंद्र कसं चालवावं

घरात दोघं कमावतात, तरी महिनाअखेर ओढाताण होते, अशा कुटुंबांपर्यंत पोहोचणं फार कठीण असतं. ती सहसा मागायला येत नाहीत, आणि यायचं म्हटलं तरी केंद्र नेमकं त्यांच्या कामाच्या वेळेत उघडं असतं. रोजंदारीवरच्या माणसाला सकाळी अकराला बोलावलं तर शिध्यापायी त्याचा खाडा होतो. म्हणून सगळ्यात आधी वेळ ठरवा: संध्याकाळी सात ते नऊ किंवा सुट्टीच्या दिवशी सकाळी. रात्रपाळीवाल्यांची पिशवी त्यांची चिठ्ठी घेऊन येणाऱ्याच्या हाती द्या.

नाव नोंदवताना एवढंच विचारा: घरात माणसं किती, मुलांची वयं काय, स्वयंपाकाची सोय आहे का, कुणाला काही पथ्य आहे का, आणि यायला कधी जमेल. पगाराची स्लिप मागू नका. ज्याला मजुरी रोख मिळते त्याच्याकडे ती नसतेच, आणि असा माणूस मान खाली घालून परत जातो. नावांची वही कुलपात ठेवा, पिशवीवर फक्त क्रमांक लिहा. वाटपाचे फोटो नकोतच. देणगीदाराला दाखवायचेच असतील तर भरलेल्या पिशव्यांचे दाखवा.

शिध्याचा हिशोब मोठ्या माणसामागे दिवसाला साधारण ३०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ-कडधान्य आणि २५ ग्रॅम तेल असा धरा. चार मोठ्या माणसांच्या घराला आठवड्याला ८.४ किलो धान्य, सुमारे १.७ किलो डाळ आणि ७०० ग्रॅम तेल लागतं. लहान मूल अर्धं धरा. एवढं एकाच पिशवीत भरलं तर बंद तुटतात आणि बसमध्ये चढताना हाल होतात, म्हणून वजन दोन पिशव्यांत वाटा.

पिशव्या भरताना टेबलं ओळीनं लावा आणि एका माणसाकडे एकच जिन्नस द्या. शेवटच्या टेबलावर वजनकाटा हवाच. सारख्या पिशव्यांमध्ये एखादी पावणेदोन किलोनं हलकी भरली तर डाळ राहिली हे तिथेच कळतं. नाहीतर ते कळणार त्या घरी, पिशवी उघडल्यावर.

‘जमेल ते द्या’ असं आवाहन केलं की एकाच वस्तूचा ढीग होतो आणि तेलाचा थेंब नसतो. दर महिन्याला चार-पाच जिन्नसच मागा, प्रमाणासकट. मुदत संपायला निदान दोन महिने असलेलं बंद पाकीटच घ्या. फोडलेली पाकिटं आणि औषधं नम्रपणे परत करा. कपड्यांना चेन, बटणं, शिवण तपासल्याशिवाय हात लावू नका. फाटकं देणं म्हणजे अपमान करणं. रोख देणगी सगळ्यात उपयोगी, कारण कमी पडलेली वस्तू तिच्यातून घेता येते. मात्र प्रत्येक रकमेची क्रमांकाची पावती फाडा आणि बँक खात्याला दोन सह्या ठेवा.

साठा जमिनीवर नको, फळीवर ठेवा आणि भिंतीपासून वीतभर लांब. ओल तिथूनच धरते. साबण धान्याशेजारी ठेवला की धान्याला वास लागतो. ज्याची मुदत आधी संपते ते पुढे ठेवा, नवीन माल मागे. पोरकिडा दिसला तर ते पोतं त्याच दिवशी बाजूला काढा, नाहीतर शेजारची पोतीही जातील.

स्वयंसेवकाला अडीच-तीन तासांपेक्षा जास्त थांबवू नका. थकलेला माणूस पुढच्या वेळी येत नाही. प्रत्येक कामाला एक माणूस राखीव ठेवा. वाटपाच्या टेबलावर येणाऱ्या कुटुंबांच्या ओळखीचं कुणी बसवू नका. शेजारीण समोर दिसली की बाई दारातूनच मागे फिरते.

साठा कमी पडला तर सगळ्यांच्याच पिशव्या थोड्या हलक्या करा, रांगेतल्या शेवटच्यांना रिकाम्या हाती पाठवू नका. एखादं कुटुंब लागोपाठ दोनदा आलं नाही तर नाव खोडण्याआधी फोन करा. बऱ्याचदा पाळी बदललेली असते, आणि वेळ बदलून दिली की ते पुन्हा येऊ लागतात.