क्रूझवरून पेनांगला उतरताय? जॉर्जटाऊनमध्ये या चुका टाळा

सांगली-मिरजेकडून सिंगापूरच्या क्रूझवर निघालेल्या जोडप्यांचा जहाजाचा अभ्यास पक्का असतो. बाल्कनीची केबिन घ्यायची की खिडकीची, जैन जेवण मिळतं का, रात्रीचा शो किती वाजता, सगळं पाठ. वाटेत पेनांग लागतं, त्याबद्दल मात्र "उतरून बघू काय ते" एवढंच. घोटाळा होतो तो तिथेच. जहाजावर विचारायला पावलोपावली कर्मचारी असतात, धक्क्यावर पाय ठेवला की तुम्ही दोघंच.

पेनांग हे मलेशियाचं बेट आणि जॉर्जटाऊन हे त्यावरचं बंदराचं शहर. फ्रान्सिस लाइटनं १७८६ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीसाठी वसवलं. २००८ मध्ये मलेशियातल्याच मलाक्का शहरासोबत ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं. क्रूझ जहाजं स्वेटनहॅम पिअर या धक्क्याला लागतात आणि जुनं शहर धक्क्याबाहेरच सुरू होतं. इतकी सोय सगळ्याच बंदरांत नसते, आणि लोक नेमकी तीच वाया घालवतात.

सुटायच्या वेळेवरून हिशेब करणं

समजा जहाज दुपारी १ ला लागणार आणि रात्री ९ ला सुटणार. कागदावर आठ तास. त्यातला पहिला तास उतरायच्या रांगेत आणि तपासणीत जातो. परत चढायची शेवटची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी असते, आणि त्याच्याही तासभर आधी धक्क्यावर असलेलं बरं. हातात उरले पाच तास. महालक्ष्मी एक्स्प्रेसचा शेवटचा डबा धावत पकडता येतो. इथे शिडी ओढून घेतली की विषय संपला.

घड्याळाचाही एक घोळ आहे. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एकच, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. पण तुमचं जहाज पुढे फुकेतलाही जाणार असेल तर थायलंडची वेळ मलेशियापेक्षा तासभर मागे आहे. फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवायला लागतो आणि जहाज बऱ्याचदा स्वतःच्याच वेळेवर चालतं. फोनवर चार वाजलेले असतात, जहाजावर पाच. म्हणून हातातलं साधं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि त्यावरच चाला.

पेनांग हिलचा हट्ट

दोरीच्या रेल्वेनं डोंगरावर जायचं, हे आकर्षण मला समजतं. १९२३ पासून ती चालू आहे. पण तिचं खालचं स्टेशन एअर इताम भागात, शहरापासून बऱ्यापैकी लांब. तिथे रांग, वर गर्दी, दुपारी पाऊस, येताना ट्रॅफिक. वर जाऊन बघायचं काय, तर ८०० मीटरच्या आसपासची थंड हवा. महाबळेश्वर १,३०० मीटरच्या वर आहे आणि आपल्याला सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं! त्यासाठी पेनांगचा अर्धा दिवस घालवणं मला तरी पटत नाही.

जायचंच असेल तर जहाजाच्या अधिकृत सहलीनंच जा. ती बस अडकली तर जहाज थांबतं, नाहीतर पुढच्या बंदरापर्यंत पोचवायचं काम कंपनी बघते. स्वतः टॅक्सी करून गेलेल्यांसाठी कुणी थांबत नाही. उलट फक्त जुनं शहर बघायचं असेल तर माणशी पैसे भरून सहल घेण्याची गरजच नाही.

पायी जायचा रस्ता असा धरा. धक्क्याबाहेर व्हिक्टोरिया राणीच्या नावाचा घड्याळाचा मनोरा, उंची ६० फूट, १८९७ पर्यंतच्या तिच्या राज्यकारभाराच्या प्रत्येक वर्षाला एक फूट. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यामुळे तो जरा कललाय. परतीची खूण म्हणून तो डोक्यात ठेवा. शेजारी फोर्ट कॉर्नवॉलिस. तिथून जालान मस्जिद कपितान केलिंग या रस्त्याला लागलात की सेंट जॉर्ज चर्च, चिनी लोकांचं करुणेच्या देवीचं देऊळ आणि कपितान केलिंग मशीद ओळीनं येतात. पलीकडच्या गल्लीत १८३३ चं महामरिअम्मन मंदिर आणि भोवती लिटल इंडिया. मग आर्मेनियन स्ट्रीट. तिथल्या सायकलवरच्या मुलांच्या भित्तिचित्रापुढे फोटोची रांग दिसली तर सरळ पुढे चालू लागा, वेळ नाही. शेवटी समुद्रात खांबांवर बांधलेली चिनी वस्ती, च्यू जेट्टी. लोक तिथे राहतात, तेव्हा दारं-खिडक्यांतून कॅमेरा घालू नये. तिथून किनाऱ्याच्या रस्त्यानं सरळ धक्क्यावर परत.

ऊन आणि दमटपणा अंगावर येतो. जुन्या दुकानांपुढून छप्पर असलेली सलग पडवी जाते, तिच्यातून चाला. छत्री हवीच. खांदे-गुडघे झाकणारे कपडे असले तर देवळात आणि मशिदीत अडचण येत नाही.

सगळं ‘ह्यांच्या’ खिशात

ही चूक आपल्याकडच्या जोडप्यांची खास. दोघांची जहाजाची कार्डं, पासपोर्ट, पैसे, चालू सिम असलेला फोन, सगळं नवऱ्याच्या कमरेच्या पाऊचमध्ये. बायकोच्या पर्समध्ये काय, तर रुमाल, गोळ्या आणि भडंगाची पुडी. लिटल इंडियात ती साडीच्या दुकानात शिरते, तो "मी बाहेरच आहे" म्हणून कोपऱ्यावर नारळपाणी प्यायला जातो, आणि तिथल्या गर्दीत दहा मिनिटांत दोघं एकमेकांना हरवतात. "अहो, माझं कार्ड तुमच्याकडेच राहिलं" हे सांगायलाही फोन लागतो.

उतरण्यापूर्वी वाटणी करा. ज्याचं कार्ड त्याच्याकडे. दोघांकडे थोडे थोडे रिंगिट, म्हणजे मलेशियाचं चलन, कारण खाण्याच्या टपऱ्यांवर रोखच बरी पडते. जहाजाच्या रोजच्या पत्रकावर जहाज कंपनीच्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, त्या पानाचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये हवा. चुकामूक झालीच तर शोधत फिरायचं नाही. ठरलेल्या वेळेपर्यंत मनोऱ्याखाली थांबायचं, नाहीतर थेट जहाज गाठायचं. आणि एक जण जहाजावर पोचला की तिथल्या काउंटरवर लगेच सांगायचं.

टॅक्सीवाल्याला "जेट्टी" सांगणं

दमल्यावर ग्रॅब या ॲपवरून मागवलेली गाडी सोपी आणि दोघांत परवडते. पण जॉर्जटाऊनमध्ये ‘जेट्टी’ म्हटलं की समोरच्या किनाऱ्यावरच्या बटरवर्थला जाणाऱ्या फेरीबोटीचा धक्का आणि शेजारचा बस स्टँड. ऐन घाईत तिथे उतरलात तर पुढचं अंतर सामान घेऊन चालावं लागेल. "स्वेटनहॅम पिअर क्रूझ टर्मिनल" असं पूर्ण नाव सांगा, ॲपमध्येही तेच निवडा. फुकट फिरणारी कॅट बस आहे, पण परतीच्या वेळी तिच्या भरवशावर राहू नका.

दिसतं ते शाकाहारी धरणं

आसाम लक्सा म्हणजे आंबट रश्श्यातल्या शेवया, आणि तो रस्सा माशाचा असतो. ‘चार क्वे तियाव’ या तांदळाच्या परतलेल्या रुंद शेवयांमध्ये कोळंबी, आणि चिनी टपरीवर बऱ्याचदा डुकराची चरबी. फसवी गोष्ट म्हणजे रोजाक: दिसायला फळांची कापं, पण वरच्या काळ्या सॉसमध्ये कोळंबीची पेस्ट. शाकाहारींनी लिटल इंडियात केळीच्या पानावर जेवावं, विचारताना "सैवम?" म्हणावं, तमिळमध्ये त्याचा अर्थ शाकाहारी. चेंडोल मात्र बिनधास्त खा, त्यात तांदळाच्या हिरव्या शेवया, नारळाचं दूध आणि ताडाचा गूळ.

खरेदीत जायफळ बघा. आपल्या हळदीच्या पेठेत बी मिळतं, इथे त्या फळाचा गर मुरवून विकतात. ड्युरियन हे उग्र वासाचं फळ जहाजावर चढू देत नाहीत.

घरून निघतानाच्या दोन चुका

सिंगापूरहून पेनांग आणि परत सिंगापूर, म्हणजे सिंगापुरात दोनदा प्रवेश. व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे का, ते छापलेल्या कागदावर वाचा. भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण ही सवलत मुदतीची आहे. तिची आजची स्थिती आणि दोन्ही देशांची ऑनलाइन प्रवेशपत्रं जहाज कंपनीकडून तपासून घ्या. तंबाखू, मावा, गुटखा सांगलीतच सोडा, सिंगापुरात चघळायच्या तंबाखूवर बंदी आहे.

जहाज धक्का सोडताच फोन फ्लाइट मोडवर टाका. समुद्रात तो जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये ते सहसा येत नाही. बिल घरी आल्यावर कळतं.

जहाज सुटलंच तर

धक्क्यावरच थांबा आणि बंदरातल्या एजंटला फोन लावा. बऱ्याचदा जहाजाचे कर्मचारी केबिनच्या तिजोरीतून पासपोर्ट काढून त्याच्याकडे ठेवून जातात. पुढचं बंदर सिंगापूर असेल तर पेनांगच्या विमानतळावरून तिथे विमानं आहेत. तो विमानतळ बेटाच्या दक्षिणेकडे बायान लेपासला आहे. तिकीट, हॉटेल, जेवण सगळं स्वतःच्या खर्चानं. प्रवास विम्यात हे येईलच असं नाही, तेव्हा पॉलिसी घेतानाच विमा एजंटला हा एक प्रश्न विचारून घ्या. केबिनमधल्या सामानाची चिंता नको, ते बांधून ठेवतात. रोजची औषधं मात्र केबिनमध्ये राहू देऊ नका, दोन दिवस पुरतील एवढी उतरतानाच पर्समध्ये घ्या.