करडई: सोयाबीनचं रान एक दिवसही उघडं ठेवू नका

सोयाबीन काढणीला आलंय आणि यंदाही तेच होईल अशी धास्ती वाटते. सोयाबीन कापलं, गंजी लावली, मळणीयंत्राचा नंबर काही लागेना, भाव काय निघतो याची चर्चा सुरू आणि मोकळं रान आठ-दहा दिवस ऑक्टोबरच्या उन्हात भाजत पडलेलं. मग त्याच रानात पेरायच्या करडईची आठवण होते. तोवर वरची चार बोटं ओल उडालेली असते. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे करडई हातची गेलेली बहुतेक रानं मी अशीच जाताना पाहिली आहेत. मावा नंतर येतो, मर (झाड वाळवणारा रोग) नंतर लागते. सुरुवात या उघड्या रानापासून होते.

म्हणून सोयाबीन उचललं की त्याच दिवशी वखराची एक पाळी घाला. नांगरट अजिबात नको, होती नव्हती तेवढी ओल वर येऊन उडून जाईल. मळणी अडली असेल तर गंजी बांधाला लावा, ताडपत्रीने झाका आणि रान मोकळं करून पेरणी उरका. सोयाबीन चार दिवस थांबेल, ओल थांबणार नाही.

कोरडवाहू करडईची शिफारशीची वेळ सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आहे. हाताशी पाणी असेल तर ऑक्टोबरअखेरपर्यंत चालतं. तारखेपेक्षा माती बघा. बियाणं जिथे पडणार त्या खोलीवरची, म्हणजे दोन-अडीच इंचांवरची मूठभर माती घ्या आणि दाबा. लाडू वळला आणि खाली टाकल्यावर फुटला, तर लगेच पेरा. लाडू वळतच नसेल तर बी रात्रभर भिजवून सावलीत सुकवून पेरणारे जुने शेतकरी आहेत. मला त्यांचं पटतं, उगवण एकसारखी दिसते.

आता तेलाचं. वाण एक, खत एक, तरी मंगळवेढ्याच्या भारी काळ्या रानातली करडई घाण्यावर तेल देते आणि तीच मुरमाड पट्ट्यातली करडई पेंडच जास्त देते. कारण दाण्यातच दिसतं. दोन्हीकडचा एकेक दाणा नखाने उभा चिरून बघा. भारी रानातल्या दाण्यात पांढरा मगज टरफलाला घट्ट भिडलेला असतो. हलक्या रानातल्या किंवा उशिरा पेरलेल्या दाण्याचं टरफल बाहेरून तेवढंच, आत मगज आक्रसलेला आणि मधे पोकळी. टरफल आधी तयार होतं, मगज नंतर भरतो. दाण्याच्या वजनात ४० टक्क्यांच्या आसपास टरफलच असतं आणि तेल जवळपास सगळं मगजात. त्यामुळे मगज भरायच्या दिवसांत खालची ओल संपली किंवा ऊन तापलं, की तेलाचा टक्का तिथेच घसरतो.

करडईचं मूळ खोल जातं, पण खाली ओल असेल तरच त्याचा उपयोग. परभणी, लातूर, सोलापूरच्या खोल काळ्या जमिनीत ती ओल जानेवारीपर्यंत पुरते. फूट-दीड फुटावर मुरूम लागणाऱ्या रानात करडई पेरूच नका. पाणी साचणाऱ्या खोलगट भागातही नको, तिथे मूळकूज ठरलेली. आणि काळ्या रानातही नोव्हेंबरच्या मध्याला पेरलं, तर दाणा भरतो फेब्रुवारीअखेर-मार्चच्या उन्हात. म्हणजे भारी जमीन असून पीक हलक्या जमिनीचं.

तेलाचा प्रकार ही वेगळी गोष्ट. साध्या करडईच्या तेलात साधारण ७५ टक्के लिनोलिक हे मेदाम्ल असतं. सूर्यफुलात दाणा भरताना उष्णता वाढली की लिनोलिक घटतं आणि ओलेइक हे दुसरं मेदाम्ल वाढतं. करडईत हवामानाने होणारा हा फरक थोडा असतो. तेल कोणतं निघणार ते मुख्यतः वाण ठरवतं, किती निघणार ते वाणासोबत रान आणि पेरणीची तारीख ठरवते. ‘भीमा’सारख्या जुन्या वाणात तेल ३० टक्क्यांच्या आसपास, फलटणच्या ‘नारी-५७’मध्ये ३५ च्या पुढे. दुकानात ‘तेल वाढवणारं’ म्हणून जी बाटली पुढे सरकवतात, तिने यातलं काहीही बदलत नाही. मगज भरायला ओल नाही तिथे टॉनिक काय करणार? ते पैसे चांगल्या बियाण्याला लावा.

बाकीची कामं, एकरी:

- बियाणं ४ ते ५ किलो; अंतर ४५ × २० सेंमी
- बीजप्रक्रिया: थायरम (बुरशीनाशक) ३ ग्रॅम प्रति किलो, नंतर अ‍ॅझोटोबॅक्टर (जिवाणू खत) २५ ग्रॅम प्रति किलो
- कोरडवाहूला युरियाची एक गोणी (४५ किलो) आणि सिंगल सुपर फॉस्फेटची सव्वा गोणी, सगळं पेरतानाच
- विरळणी उगवणीनंतर १० ते १५ दिवसांत, एका ठिकाणी एकच रोप
- कोळपण्या दोन

सुपर फॉस्फेटमध्ये ११ टक्के गंधक असतं. तेलबियांना ते लागतंच, वेगळी गंधकाची पिशवी गळ्यात मारून घेऊ नका.

पाणी असेल तर जमिनीला भेगा पडायच्या आधी हलकं द्या. भेगा पडल्यावर भरून पाणी दिलं की उभी झाडं वाळताना दिसतात.

माव्याबद्दल मात्र डोळे उघडे ठेवा, कारण उशिराची पेरणी इथे दुसऱ्यांदा मारते. डिसेंबर-जानेवारीत मावा वाढतो तेव्हा वेळेवर पेरलेलं पीक जून झालेलं असतं, उशिराचं कोवळं लुसलुशीत असतं. दोन दिवस आभाळ आलं की बांधाकडच्या ओळींचे शेंडे उलटून बघा, मावा बहुधा तिथूनच शिरतो. काळे पुंजके दिसले तर आधी त्या कडेच्या ओळींवरच ५ टक्के निंबोळी अर्क मारा. आत पसरला असेल तर डायमेथोएट ३० टक्के हे कीटकनाशक, १० लिटर पाण्यात १३ मिली. दोन-तीन औषधं एकत्र कालवून देणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. मावा खाणारे ढालकिडे भरपूर दिसत असतील तर फवारणी दोन दिवस लांबवून बघावी असं माझं मत आहे. फुलोऱ्यात मधमाश्या असतात, फवारायचंच झालं तर संध्याकाळी.

काढणी पानं आणि बोंडं पिवळी पडून वाळल्यावर, सकाळच्या दवात, तेव्हा काटे नरम असतात. दाणे उन्हात वाळवून ओलावा ८ टक्क्यांच्या खाली आला की मगच पोत्यात भरा. सरळ वाण असेल तर पुढच्या वर्षाचं बी भारी रानातल्या, मावा न लागलेल्या झाडांचंच वेगळं काढा. संकरित असेल तर ठेवू नका.