वावरातला साग रस्त्यावर आणायला कोणतं यंत्र घ्यावं?

धान कापून झालं की आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा-वडसा भागात मालकीच्या सागाची तोड सुरू होते, आणि मला फोन येऊ लागतात. "भाऊ, छोटा ट्रॅक्टर घेऊ का टिलर?" (टिलर म्हणजे दोन चाकांचं, हँडल धरून चालवायचं यंत्र.) पंधरा वर्षं झाली, घरच्या आणि भावकीच्या वावरातलं लाकूड मीच काढतो. त्यामुळे मी उलट विचारतो, तुमच्या सगळ्यात जाड झाडाचा घेर किती?

टेप घेऊन खरंच मोजा. समजा लठ्ठा, म्हणजे तोडलेला ओंडका, ९० सेंटीमीटर घेराचा, ३ मीटर लांबीचा आहे. घेर मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, लांबीने गुणा, १२.५७ ने भागा. ०.१९ घनमीटर येतं. ओला साग घनमीटरला टनाच्या आसपास भरतो, म्हणजे हा लठ्ठा पावणेदोनशे ते दोनशे किलोंचा. घेर १२० झाला तर तेवढ्याच लांबीचा लठ्ठा तीनशेच्या वर जातो. लाकूड विक्रीच्या डेपोत घेराच्या चौथाईचा वर्ग करून लांबीने गुणतात आणि माप काढतात, त्यात पहिला लठ्ठा ०.१५ घनमीटरच दिसतो. ते माप विक्रीसाठी ठीक आहे, पण वजन त्यावरून काढलं तर यंत्र कमी पडेल.

मग वाट पाहा. आमच्याकडे वाट म्हणजे धानाच्या बांध्या (खाचरं), मधले धुरे (बांध) आणि शेवटी नाला. बांधीत ओल असेल तर थांबा. जानेवारीत जमीन कडक झाली की जे काम १५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर करतो, ते डिसेंबरच्या चिखलात मोठ्यालाही जमत नाही.

दहा-बारा झाडंच असतील तर काही विकत घेऊ नका. जुन्या डनलप बंडीचा (रबरी टायरच्या बैलगाडीचा) आस आणि दोन चाकं घ्या, गावच्या वेल्डिंगवाल्याकडून त्यावर कमान करून घ्या. लठ्ठ्याचं पुढचं टोक कमानीला टांगलं की फक्त मागचं टोक घासतं आणि बैलजोडीचा जीव निघत नाही. माझा असा गाडा अजून चालू आहे.

टिलर अरुंद वाटेला छान, ट्रॉली लावून जळाऊ लाकूड आणि बल्ल्या (बारीक वासे) आणायला तर फारच सोयीचा. पण नाल्याचा उतार असेल तर एक गोष्ट जाणून घ्या. टिलरच्या प्रत्येक चाकाला वेगळा क्लच असतो. सपाटीवर डावा क्लच दाबला की टिलर डावीकडे वळतो. उतारावर तेच चाक मोकळं होऊन जोरात पळतं आणि टिलर उजवीकडे जातो. मागे ट्रॉलीत लाकूड असताना हे पहिल्यांदा कळलं तर सावरायला वेळ मिळत नाही. रिकाम्या ट्रॉलीने आधी सराव करा.

वर्षाला चाळीस-पन्नास झाडं असतील तर २० ते २५ हॉर्सपॉवरचा, चारही चाकांना ताकद देणारा छोटा ट्रॅक्टर मला योग्य वाटतो. तो धुऱ्यावरून जातो आणि उरलेलं वर्ष शेतीत राबतो. फक्त साखळी मागच्या आसाच्या खाली, ओढायच्या दांडीला म्हणजे ड्रॉबारलाच बांधा. मी एकदा घाईत वरच्या लिंकला बांधली होती. लठ्ठ्याचं टोक मोहाच्या मुळीत अडकलं, मी रेस दिली आणि पुढची चाकं कमरेएवढी वर उठली. काका ओरडले, "क्लच दाब बापू, क्लच!" पाय वेळेवर पडला म्हणून मी आज लिहितो आहे. ओढ आसाच्या वर लागली की ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि सीटवरच्या माणसाला उडी मारायलाही सवड नसते.

नाल्यातल्या लठ्ठ्यासाठी यंत्र खाली उतरवू नका. ते वर उभं राहू द्या आणि लठ्ठा टिरफोरने, म्हणजे दांडा हाताने मागेपुढे करून तार ओढणाऱ्या यंत्राने, वर काढा. दीड टन ओढणारा पुरतो. ताकद कमी पडली तर लठ्ठ्याला पुली लावून तार परत वरच्या झाडाला बांधा. ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा. टिरफोरच्या दांड्याला बारीक पिना असतात. भार जास्त झाला की त्या तुटतात, त्यासाठीच त्या असतात. तिथे खिळा ठोकलेले टिरफोर मी पाहिले आहेत. मग तुटते ती तार, आणि ती पोटरी फाडून जाते. म्हणून जुना टिरफोर घेताना आधी पिना बघा, मग तारेवरून जाड चिंधी फिरवा. चिंधी अडकली तर तारेचे धागे तुटलेले आहेत, घेऊ नका. झाडाला बांधताना रुंद पट्टा वापरा, नाहीतर तार साल कापते आणि उभं झाड वाळतं.

तोडीची परवानगी आणि वाहतूक परवाना हातात आल्याशिवाय लठ्ठा रस्त्यावर आणू नका.

आणि पैसे देण्याआधी विक्रेत्याला यंत्र घेऊन वावरात बोलवा. शोरूमच्या सिमेंटवर सगळीच यंत्रं ओढतात. आपला सगळ्यात जाड लठ्ठा बांधा, आपल्याच धुऱ्यावरून ओढायला सांगा आणि पुढच्या चाकांकडे बघत राहा.