बेडकीच्या पाल्याचा प्रयोग करण्याआधी

बेडकीच्या पाल्याने मधुमेही रॅटची साखर उतरते का, हे तपासायला निघालेली एम.फार्म.ची मुलं विचारतात, "मॅडम, पाला मिळालाय, रॅटवर उद्यापासून सुरू करू?" उद्या नाही. आधी प्रोटोकॉल संस्थेच्या प्राणी नीती समितीपुढे ठेवा. मंजुरी आल्याशिवाय पिंजऱ्याला हात लावायचा नाही.

तोवर पाल्याकडे बघा. बेडकीची, म्हणजे गुडमारची, फांदी पाना-फुलांसकट दाबून वाळवा आणि वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून घ्या. पान चावल्यावर साखर वाळूसारखी लागते हे खरं, पण प्रबंधात तो पुरावा चालत नाही. पाला सावलीतच सुकवा, भरड दळा, पाणी-अल्कोहोलमध्ये अर्क काढा. किती पाल्यातून किती अर्क निघाला तेही लिहा. मग विषारीपणाची तपासणी, त्यावरून डोस.

खरी कसोटी स्ट्रेप्टोझोटोसिनची, म्हणजे रॅटला मधुमेही करणाऱ्या रसायनाची. ते थंड सायट्रेट बफरमध्ये (पीएच ४.५) ऐनवेळी विरघळवून लगेच टोचायचं, रेंगाळलात की ताकद गेली. रात्रभर उपाशी ठेवलेल्या विस्टर जातीच्या रॅटला किलोमागे ५० ते ५५ मिलिग्रॅम, पोटाच्या पोकळीत. त्याने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी फुटल्या की त्यांतलं इन्सुलिन एकदम सुटतं, साखर कोसळते आणि जनावर रात्रीतून दगावू शकतं. म्हणून पहिले २४ तास बाटलीत ग्लुकोजचं पाणी. ७२ तासांनी शेपटीच्या टोकाचा थेंब ग्लुकोमीटरवर घ्या. उपाशीपोटी साखर २५० मिलिग्रॅम/डेसीलिटरच्या वर असेल तेच गटांत. मधुमेही रॅट फार मुततात. भुसा रोज बदला, रविवारीसुद्धा.

गट नेहमीचेच: निरोगी, मधुमेही, ग्लिबेनक्लामाइडवाले (साखर उतरवणारं माहितीतलं औषध, तुलनेसाठी) आणि अर्काच्या दोन-तीन डोसांचे. अर्क ज्या सीएमसीच्या (अर्क तरंगत ठेवणाऱ्या पुडीच्या) पाण्यात घोटता, तेच पाणी तेवढंच, पण अर्काविना, मधुमेही कंट्रोललाही (औषध न दिलेल्या गटालाही) नळीने पाजा. पकडण्याच्या ताणानेही साखर चढते, तो ताण सगळ्यांना सारखा हवा.

आता मी ज्यावरून प्रबंध परत पाठवते ते: उरलेलं खाद्य रोज तोला, वजनही नियमित घ्या. अर्काने पोट बिघडून रॅटने खाणं सोडलं तरी साखर उतरते, आणि आलेख मात्र झकास दिसतो! एखादं जनावर फारच खंगलं तर आकड्यांसाठी ताणू नका, समितीने ठरवलेल्या मर्यादेवर त्याला प्रयोगातून सोडवा.

शेवटी स्वादुपिंड फॉर्मॅलिनमध्ये ठेवा. त्याच्या कापांच्या स्लाइडवर गट लिहू नका, फक्त क्रमांक टाका. वाचणाऱ्याला कुठली कुणाची ते कळता कामा नये.