बोरिक ॲसिड: प्रत्येक लॉट एकसारखा मिळावा म्हणून

बोरिक ॲसिडच्या जवळजवळ प्रत्येक सर्टिफिकेटवर शुद्धता ९९ टक्क्यांच्या वरच असते. बॅच बिघडते ती उरलेल्या अंशामुळे: सल्फेट, क्लोराइड, लोह, ओलावा. म्हणून लोटे, महाड, रोहा किंवा तळोज्याच्या कारखान्याने पर्चेस ऑर्डरवर या प्रत्येकाची कमाल मर्यादा पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) लिहावी आणि उत्पादकाचं नावही पक्कं करावं. ‘समतुल्य माल चालेल’ ही ओळ काढून टाका. घोळ तिथूनच सुरू होतो.

उत्पादक बदलला की अशुद्धीही बदलते. तुर्कस्तानात कोलेमनाइट या बोरॉनच्या खनिजावर सल्फ्युरिक ॲसिडची प्रक्रिया होते आणि जिप्सम वेगळं निघतं, त्यामुळे मालात कॅल्शियम आणि सल्फेट राहू शकतं. बोरॅक्सपासून (टाकणखारापासून) केलेल्या मालात सोडियम सल्फेट राहतं, तर दक्षिण अमेरिकेतल्या युलेक्साइट या खनिजाच्या मालात कॅल्शियम आणि सोडियम सल्फेट दोन्ही येऊ शकतात. काही खनिजांसोबत आर्सेनिकही येतं. औषधी रसायनं करणाऱ्यांनी त्याचा आकडा मागितल्याशिवाय ऑर्डर देऊ नये.

न्हावा शेवा बंदरातून थेट आयात करणार असाल तर आधी परवान्याचं बघा. बोरिक ॲसिड १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या अनुसूचीत आहे. वापर दुसऱ्या कामासाठी असला तरी नोंदणी समितीचा आयात परवाना लागतो. कागद अपुरे असले की कंटेनर बंदरात अडकतो आणि भाडं चढत जातं.

गाडी आली की एकूण गोण्यांचं वर्गमूळ काढून त्यात एक मिळवा, तेवढ्या गोण्यांतून नमुना घ्या. २५ किलोच्या ४०० गोण्या असतील तर २१. नमुना काढायची सळई गोणीत मधोमध, खोलवर घाला. वरचा थर हवेतली ओल आधी घेतो. धूळ प्रजननक्षमतेला घातक आहे, तेव्हा मास्क हवाच.

१ ग्रॅम नमुना, १५ ग्रॅम मॅनिटॉल आणि उकळून गार केलेलं १०० मिली पाणी घ्या, किंचित तापवून विरघळवा. फिनॉल्फथॅलीन हा रंगदर्शक टाकून १ नॉर्मल तीव्रतेच्या कॉस्टिक सोड्याने टायट्रेट करा, म्हणजे तो थेंबथेंब घालून किती लागतो ते मोजा. मॅनिटॉलशिवाय हे ॲसिड इतकं सौम्य असतं की एंड पॉइंट (रंग बदलण्याचा नेमका टप्पा) नीट सापडत नाही. गुलाबी रंग आला की थोडं मॅनिटॉल आणखी घाला; रंग उडाला तर टायट्रेशन पुढे चालू ठेवा. कॉस्टिक सोड्याचं १ मिली म्हणजे ६१.८३ मिलिग्रॅम बोरिक ॲसिड, त्यामुळे १ ग्रॅम शुद्ध मालाला सुमारे १६.२ मिली लागतात.

ओलावा मात्र १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये मोजू नका. तिथे रेणूतलंच पाणी निघून मेटाबोरिक ॲसिड होऊ लागतं आणि चांगला मालही ओला ठरतो. डेसिकेटरमध्ये (ओल शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) सिलिका जेलवर ५ तास ठेवून वजन करा. त्याच कारणाने टायट्रेशनचा शुद्धतेचा आकडा १०० टक्क्यांच्या बराच वर गेला तर माल जास्त तापवून सुकवलेला असल्याची शंका घ्या.

सल्फेटसाठी विरल हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि बेरियम क्लोराइड वापरा. शेजारच्या नेसलर सिलिंडरमध्ये (सपाट तळाच्या उंच काचनळीत) आधी पास केलेल्या लॉटचं द्रावण ठेवा. काळ्या कागदावर वरून पाहिलं की गढूळपणातला फरक लगेच कळतो. पास झालेल्या प्रत्येक लॉटचा अर्धा किलो हवाबंद बरणीत राखून ठेवा.

पावसाळ्याचा साठा मेअखेरपर्यंत आत घ्या. गोण्या पॅलेटवर, भिंतीपासून हातभर लांब, आतल्या प्लॅस्टिक पिशवीचं तोंड घट्ट बांधून. ढेकळं झालेला माल रासायनिकदृष्ट्या बिघडलेला नसतो, पण रिॲक्टरमध्ये सावकाश विरघळतो. फोडून, चाळून, ओलाव्याची वजावट धरूनच चार्ज करा.