जुने स्विस घड्याळ घेताना आधी तबकडी पाहावी

जुन्या स्विस मनगटी घड्याळांचा संग्रह नव्याने सुरू करणारे बहुतेक जण कंपनीचे नाव पाहतात आणि घड्याळ चालते की नाही एवढे विचारतात. माझ्या मते नजर सर्वांत आधी तबकडीवर जायला हवी. बंद पडलेले यंत्र जाणकार घड्याळजी पुष्कळदा चालू करून देतो, पण तबकडी एकदा खरवडून रंगवली की मूळ छपाई कायमची जाते. मुंबईच्या बाजारातून अशी रंगवलेली घड्याळे इतकी बाहेर गेली आहेत की परदेशांतले संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणूनच ओळखतात.

पहिल्या खरेदीसाठी मी फेव्हर ल्युबाचे चावीचे ‘सी चीफ’ सुचवीन. ल लोक्ल या स्विस गावात १७३७ साली पाया घातला गेलेल्या या कंपनीचा भारतातला व्यापार १८६५ पासूनचा, म्हणून तिची घड्याळे आपल्याकडे अजून सापडतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लावून तबकडीवरचे नाव वाचावे. मूळ छपाईत अक्षरांच्या कडा धारदार असतात. रंगवलेल्या तबकडीवर त्या फुगलेल्या किंवा विस्कटलेल्या दिसतात, मिनिटांच्या रेघा कमीजास्त लांबीच्या होतात आणि सहाच्या अंकाखालची ‘स्विस मेड’ ही बारीक अक्षरे वाकडी असतात किंवा नसतातच. पिवळट पडलेली, ठिपके आलेली पण मूळ तबकडी चकचकीत निळ्या-केशरी तबकडीपेक्षा केव्हाही चांगली.

त्यानंतर मागचे झाकण उघडून दाखवायला सांगावे. यंत्रावरचे नाव तबकडीवरच्या नावाशी जुळते का, गंज चढला आहे का, स्क्रूच्या खाचा झिजल्या आहेत का, हे पाहावे. जुने तेल सुकलेले असताना घड्याळ चालवत राहिले की आतले भाग झिजतात, त्यामुळे सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरूनच घासाघीस करावी.

काट्यांवरच्या चमकणाऱ्या रंगाबाबत मात्र सावध राहावे. साधारण १९६०च्या आधीच्या घड्याळांत तो बहुधा रेडियमचा असतो. चमक विझली तरी रेडियमचा किरणोत्सर्ग शिल्लक असतो, कारण तो निम्मा व्हायलाच सुमारे १,६०० वर्षे लागतात. असे घड्याळ घरी उघडू नये आणि तो रंग कधीही खरवडू नये. त्यानंतर आलेल्या ट्रिटियमचे प्रमाण सुमारे बारा वर्षांत निम्मे होते, म्हणून पन्नास वर्षांपूर्वीचे घड्याळ अंधारात लखलखत असेल तर रंग नंतर भरलेला आहे असे समजावे.

झाकणावर ‘वॉटरप्रूफ’ कोरलेले असले तरी जुने घड्याळ पाण्यापासून दूरच ठेवावे. सर्व्हिसिंगला देताना तबकडी पुसू नये, केसला पॉलिश करू नये, असे घड्याळजीला स्पष्ट सांगावे आणि त्याने बदललेले काटे किंवा चावी परत मागून त्याच घड्याळाच्या डबीत जपून ठेवावी.